कुणीतरी नट ढिले करतंय

फिरत्या तबकडीवरून शिक्षिकाबाई पडल्या तेव्हा आधी सगळा वर्ग हसला. त्यांनाही वाटलं असेल की हसण्यावारी नेता येईल. तबकडीवर उभं राहायचं, हात पसरायचे, कुणीतरी हलकेच गिरकी द्यायची आणि मग हात छातीशी घ्यायचे, की माणूस आपोआप जोरात फिरतो, असा तो खेळ. बाईंनी हात जवळ घेतले आणि तबकडी फिरता फिरता एका अंगाला कलली. त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मनगट धरून म्हणाल्या, "हात लावू नका, कुणी हात लावू नका." भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर पाटी होती : कृपया हात लावा.

अशा पाट्या त्या विज्ञान संग्रहालयात जागोजागी होत्या. इथं काचेच्या कपाटात काहीच नव्हतं. ढकला, ओढा, फिरवा, आत डोकं घाला, असा सगळा मामला. लोकांनी हात लावलेल्या वस्तू मोडू नयेत आणि वस्तूंनी लोकांना मोडू नये, हे बघायचं काम सुपरवायझरबाईंचं. शिक्षिकाबाईंचं मनगट बांधून त्यांना गाडीतून दवाखान्यात धाडल्यावर सुपरवायझरबाई एकटीच तबकडीशेजारी गुडघ्यांवर बसली. टॉर्च मारून खाली बघितलं. बोल्ट जागेवर होता. त्याच्यावरचा नट मात्र शेजारी जमिनीवर पडला होता, नवा कोरा, चकचकीत.

तिच्या मनात पाल चुकचुकली. कारण ही तबकडी कालच वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन इथं बसवली गेली होती आणि वर्कशॉप होतं दादाचं.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. दालनातल्या निम्म्याहून जास्त वस्तू त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेल्या. तिला या नोकरीत यायलाही त्यानेच भरीस पाडलं होतं. त्याने बसवलेला नट ढिला राहील हे तिच्या बुद्धीला पटतच नव्हतं. लहानपणी तिला परीक्षेला उशीर झाला तरी हा माणूस सायकलचे ब्रेक तपासल्याशिवाय सायकल हातात द्यायचा नाही. ती रडायची, हा शांतपणे पाना फिरवत बसायचा. म्हणजे हा नट आपोआप निसटला नव्हता. कुणीतरी काढला होता.

मग तिला मागचं आठवलं. मध्यंतरी तो हवेच्या झोतावर चेंडू तरंगवणारा पंखा एकाएकी उलटा फिरायला लागला होता. चेंडू वर उडायच्या ऐवजी पंख्याच्या तोंडाशी चिकटून बसला आणि बघायला वाकलेल्या एका मुलीची ओढणी आत खेचली गेली. ओढणी फाटली, मुलगी हसली, सगळेच हसले. दोन वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो, एवढंच. पण वायरी आपण होऊन उलट जोडल्या जात नाहीत.

आणि वायरी म्हटलं की बोका.

बोका म्हणजे नवीन इलेक्ट्रिशियन. उंच, अबोल माणूस. पायात रबरी तळाचे बूट, त्यामुळे मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे. कुणीतरी त्याला बोका म्हणालं आणि ते चिकटलं. तो आला तेच मुळी वर्कशॉपमध्ये मदतनीस व्हायच्या आशेने. दादाने साफ नकार दिला होता. "मला हाताखाली माणूस नको," असं त्याने संचालकांना तोंडावर सांगितलं. मग बोक्याला दिवे आणि पंखे बघायला ठेवलं. आता एखाद्याला राग यायला एवढं पुरे नाही का?

तिने त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं असायचं. सगळे खाली डबे उघडून बसायचे, बोका तेवढा नसायचा. एकदा ती अर्धी पोळी तशीच टाकून उठली आणि चपला हातात घेऊन जिना चढली. दातेरी चाकांच्या टेबलाखालून त्याचे बूट बाहेर आलेले दिसत होते.

"काय करताय?"

बूट दचकले. बोका सरपटत बाहेर आला. तोंडात टॉर्च, हातात पाना.

"बघत होतो," तो टॉर्च काढून म्हणाला.

"काय बघत होतात?"

"असंच."

"या टेबलाला वीज नाही. याच्यात तुमचं काय काम?"

त्याचा डावा हात सावकाश खिशाकडे गेला.

"खिशात काय घातलंत?"

त्याने हात बाहेर काढून मूठ उघडली. तळव्यावर एक नट होता.

"खाली पडला होता," तो म्हणाला.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. संचालक भला माणूस, पण कुठलीही गोष्ट ऐकली की पहिल्यांदा 'वरून विचारलं तर काय सांगायचं' हा विचार करणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"तुमची खात्री आहे?"

"डोळ्यांनी बघितलंय."

संध्याकाळी बोक्याला प्रवेशदाराशी थांबवलं. सगळ्यांच्या देखत त्याची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, टॉर्च, रुमाल, दोन पाने, मूठभर नट आणि वायसर. "हे कशाला?" संचालकांनी विचारलं. बोक्याने तिकीट खिडकीकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. "लागतात," म्हणाला. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि तो गेला. रबरी बुटांचा आवाज तेव्हाही आला नाही.

तिला त्या रात्री शांत झोप लागली.

पुढचे काही दिवस सगळं सुरळीत चाललं. ती दादाला म्हणालीही, "बघ, गेला आणि सगळं थांबलं." दादा लाकडाची फळी घासत होता. मान वर न करता म्हणाला, "गरीब वाटायचा गं." तिला वाटलं, दादाचं मन मोठं.

मग कप्प्यांच्या खुर्चीचा प्रकार झाला.

त्या खुर्चीत बसून माणूस स्वतःच दोर ओढून स्वतःला वर उचलतो. कप्प्या जितक्या जास्त, तितका जोर कमी. लहान मुलांची सगळ्यात आवडती जागा, कायम रांग लागलेली. एक काटकुळी मुलगी दोर ओढत ओढत पार वरपर्यंत गेली, आईला हाक मारून म्हणाली, "बघ, मी मलाच उचललं!" आणि दोर अडकवणारा क्लॅम्प सुटला. खुर्ची दाणकन खाली आली. मुलीचा हात खुर्ची आणि खांबाच्या मध्ये सापडला. तो आवाज सुपरवायझरबाईंच्या कानातून जाईना. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो, त्या मुलीच्या ओरडण्याखालीही तो तिने ऐकला होता.

दवाखान्यातून परत आल्यावर ती रिकाम्या दालनात येऊन बसली. बोका तर घरी होता. मग क्लॅम्प कुणी ढिला केला?

संध्याकाळी ती पत्ता विचारत विचारत त्याच्या घरी गेली. दोन खोल्या, दाराशी दुरुस्तीला आलेले मिक्सर आणि इस्त्र्या. तो स्टुलावर बसून एका मिक्सरचं पोट उघडून बघत होता. तिला बघून उठला नाही, बसाही म्हणाला नाही.

"एका मुलीचा हात मोडला," ती म्हणाली.

"कप्प्यांची खुर्ची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"क्लॅम्पचा एक स्क्रू नेहमी अर्धवट राहायचा. मी होतो तोवर आवळत होतो."

"म्हणजे?"

त्याने मिक्सर बाजूला ठेवला. "मॅडम, मी ढिलं करत नव्हतो. ढिलं राहिलेलं घट्ट करत होतो. वर्कशॉपमधून वस्तू आली की तिच्या खाली शिरून बघायचं, हा माझा सुट्टीचा उद्योग. तबकडी मात्र राहिली. त्या दिवशी मला सकाळपासून गच्चीवर पाठवलं होतं."

"मग हे मला का नाही सांगितलंत? पिशवी उलटी केली तेव्हा तरी बोलायचं!"

"सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

"कुणाला?"

"तिकीट खिडकीत."

तिकीट खिडकीत वहिनी बसायची. दादाची बायको.

"त्या म्हणाल्या, कुणाला बोलू नका, मी बघते. हात जोडले हो त्यांनी माझ्यासमोर. म्हणून गप्प बसलो." तो थोडा थांबला. "पिशवी उलटी केली तेव्हा त्या काचेमागे बसून बघत होत्या. त्याही गप्पच बसल्या."

परत येताना तिला रस्त्याचं भान नव्हतं. वहिनीला माहीत होतं. वहिनीने दाबून ठेवलं. वहिनीला माहीत म्हणजे दादालाही माहीत. मग दादाचं नाव इतकी वर्षं ज्या कामामुळे आहे, त्या कामाची नासाडी तो आपल्या डोळ्यांदेखत का होऊ देईल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिला मॉलवाला आठवला. शहरातल्या मोठ्या मॉलमध्ये मुलांसाठी अशीच खेळांची जागा काढणार होते आणि त्यांचा एक माणूस मध्ये वर्कशॉपमध्ये येऊन गेला होता. गुळगुळीत दाढी, अंगाला अत्तराचा वास. दादाशी दार लोटून बोलला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, तो मॉलवाला काय म्हणत होता रे?"

"कोण मॉलवाला?"

"तोच. अत्तरवाला."

"अच्छा, तो. काही नाही. असंच." आणि दादा पाठ करून खणात काहीतरी चाचपायला लागला.

असंच. बोक्यानेही हेच उत्तर दिलं होतं. पण बोक्याच्या 'असंच'मागे काय होतं ते तिला आता कळलं होतं. दादाच्या 'असंच'मागे काय होतं?

आता तिची नजर घरच्याच माणसांवर बसली. आणि बघायला लागल्यावर काय काय दिसायला लागलं! दादाने स्कूटर चालवणं सोडलं होतं. 'पाठ दुखते' म्हणायचा, पण फळ्या उचलताना पाठ दुखत नव्हती. वहिनी तिकीट खिडकी बंद करून जेवणाच्या सुट्टीत रोज वर्कशॉपमध्ये जायची आणि आतून कडी लावायची. कुणीही जवळ गेलं की दोघांचं बोलणं बंद. जिन्यावरून उतरताना वहिनी नेहमी अर्धं पाऊल पुढे आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे काय नवीन? पूर्वी ते तिला गोड वाटलं असतं. आता वाटलं, हे दोघं एकमेकांना घट्ट धरून काहीतरी लपवताहेत.

दालनाच्या दोन टोकांना दोन मोठ्या खोलगट थाळ्या भिंतीला लावलेल्या होत्या, माणसाहून उंच. एका थाळीसमोर तोंड करून कुजबुजलं की ते शब्द पलीकडच्या थाळीशी उभ्या माणसाला अगदी कानात सांगितल्यासारखे ऐकू येतात. मधल्या माणसांना पत्ताही लागत नाही. दालन बंद झाल्यावर निम्मे दिवे घालवून ती शेवटची फेरी मारत होती. थाळीवर चिकटवलेलं कुणाचं तरी च्युइंगम तिला दिसलं. ती नखाने खरवडायला वाकली आणि तिच्या कानात वहिनीचा आवाज आला.

"अजून किती दिवस हे? आता पोरीचा हात मोडला."

ती जागच्या जागी गोठली. पलीकडच्या थाळीपाशी वहिनी स्टुलावर बसली होती, पाठ इकडे, तोंड थाळीकडे. दादा शेजारी उभा राहून थाळीची चौकट पुसत होता.

"थोडे दिवस. एवढं वर्ष निघू दे," दादाचा आवाज आला.

"बारकीला संशय आलाय."

"तिला काय कळणार? तिच्यासमोर नीट वागायचं, बस."

बारकी म्हणजे तीच. दादाशिवाय आणि वहिनीशिवाय तिला या नावाने कुणी हाक मारत नसे. तिच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा गळून पडला. त्या आवाजाने दादा वळला. त्याने थेट तिच्या बाजूला बघितलं. ती दचकून थाळीच्या बाजूच्या खांबाला टेकली होती, लपलेली नव्हती. त्याची नजर तिच्यावरून गेली, पुढे सरकली, परत फिरली आणि तो पुन्हा चौकट पुसायला लागला.

बघूनही न बघितल्यासारखं केलं! म्हणजे आता लाजही उरली नाही. की मुद्दामच ऐकवलं? घरी जाऊन ती न जेवता आडवी झाली. तिने ठरवलं, उद्या संचालकांना सगळं सांगायचं. भाऊ असो की आणखी कुणी. पण त्याआधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं.

सकाळी दालन उघडायच्या आधी दादा नजरेचा फळा घेऊन आला. अर्धचंद्राच्या आकाराचा मोठा फळा. मधोमध नाक ठेवायला खाच. माणसाने नाक खाचेत टेकवायचं, समोरच्या ठिपक्याकडे एकटक बघायचं आणि दुसऱ्याने कडेच्या खोबणीतून रंगीत ठोकळा हळूहळू मध्ये सरकवत आणायचा. कडेला काहीतरी हललं हे लवकर कळतं, पण त्याचा रंग कळायला ठोकळा बराच जवळ यावा लागतो. ही गंमत तिने शेकडो मुलांना दाखवली होती.

दादाने फळा टेबलावर ठेवला. "खोबणी घासून गुळगुळीत केलीय. लाव बाहेर."

"आधी तपासायचा."

"मी तपासलाय."

"तपासलेल्या खुर्चीतच मुलीचा हात मोडला, दादा."

तो फळ्याकडे वळून म्हणाला, "बरं. तू बस, मी ठोकळा सरकवतो."

"नाही. तू बस."

"अगं, कशाला..."

"बस म्हणते ना." आपला आवाज इतका कोरडा येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. आता त्याचा शब्द तिला पुरत नव्हता, एवढंच. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

तो बसला. नाक खाचेत टेकवलं. तिने उजवीकडचा ठोकळा पार टोकापासून सरकवायला सुरुवात केली. खोबणीतून लाकडाचा बारीक खरखर आवाज आला.

"आला," दादा म्हणाला. "लाल."

तिचा हात थांबला. ठोकळा लालच होता. पण तो अजून कानाच्या रेषेत होता. तिथून रंग कुणालाच कळत नाही. तिला नाही, धडधाकट डोळ्यांच्या पोरांना नाही. मग याला कसा कळला? फसवतोय, तिला वाटलं. ठोकळे यानेच बसवलेत, क्रम पाठ आहे. पण साध्या तपासणीत माणूस फसवेल कशाला?

तिने डावीकडच्या ठोकळ्याला हात लावला नाही. रिकाम्या खोबणीवरून नुसतं नख ओढलं. खर्र.

"आला," दादा म्हणाला. "निळा."

निळा ठोकळा टोकाला जसाच्या तसा होता.

तिने आपला उजवा हात उचलला आणि आवाज न करता त्याच्या चेहऱ्याच्या बाजूने आत आणायला लागली. कानापाशी. गालापाशी. डोळ्याच्या कोपऱ्याच्या अगदी जवळ. बोटं हलवली. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. तो ठिपक्याकडे बघत शांत बसला होता, पुढच्या ठोकळ्याची वाट बघत.

"दादा," ती म्हणाली, "माझा हात कुठंय?"

"कुठंय म्हणजे?"

"सांग ना."

त्याने नाक खाचेतून काढलं, मान वळवली आणि गालाला जवळजवळ टेकलेला तिचा हात त्याला दिसला. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे," तो म्हणाला. "कळलं तेव्हाच बराचसा भाग गेला होता. गेलेलं परत येत नाही म्हणाले. थेंब घालतो. उरलंय ते टिकेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"समोरचं स्वच्छ दिसतं गं. तुझ्या कपाळावरची ती लहानपणची खूण दिसते मला. बाजूचं तेवढं नसतं. काळोख असता तर कळलं असतं की काहीतरी दिसत नाहीये. तसंही नाही. नट हातातून पडला की तो पडलाय हेच कळत नाही. आपण लावला असंच वाटतं. त्या पंख्याच्या वायरीही अशाच अंदाजाने जोडल्या गेल्या."

"आणि काल? मी समोर उभी होते. थाळीपाशी."

"काल तू होतीस?" त्याने दचकून विचारलं. त्याचा तो चेहरा बघून तिला रडू यायला हवं होतं. पण तिला राग आला.

"मॉलवाला?"

"बोलवत होता. नाही म्हटलं. नव्या जागी पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. इथं मला सगळं पाठ आहे."

"म्हणून मदतनीस नको होता तुला. जवळ राहिला असता तर कळलं असतं." ती आता थांबत नव्हती. "त्या माणसाची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली, दादा. मी करायला लावली. तू वर्कशॉपमध्ये होतास. डोळे गेले असतील, कान तर शाबूत आहेत ना?"

दारात वहिनी येऊन उभी होती. किती वेळ ते कुणालाच कळलं नव्हतं.

"त्याला नको बोलूस," वहिनी म्हणाली. "गप्प बसायला मी सांगितलं. रोज सुट्टीत मी जाऊन बघत होते नट. मला जमेल तेवढं. मला त्यातलं काय कळतं?"

"त्या मुलीचा हात मोडलाय, वहिनी."

"माहितेय मला. रोज तिच्या आईला फोन करते. कोण बोलतंय विचारलं की तिकीटवाली सांगते." वहिनीचा आवाज फुटला. "तू आज वर जाऊन सांगितलंस की हा उद्यापासून घरात. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत बसेल. तू येणारेस का तेव्हा बघायला?"

"मी सांगतो," दादा म्हणाला. "मीच सांगतो. उद्या."

तिने त्याच्याकडे बघितलं. जन्मभर ज्याच्या शब्दावर ती डोळे मिटून चालली होती, तो माणूस उद्या म्हणत होता आणि तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

"उद्या नाही," ती म्हणाली. "आत्ता. दार उघडायच्या आधी."

संचालकांच्या खोलीपर्यंत तिघं गेली. दादाने तिला हात धरू दिला नाही, वहिनीलाही नाही. आत गेल्यावर त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बोक्याचंही सांगितलं. संचालकांनी चष्मा काढला आणि या वेळी तो पुसायचा विसरून तसाच हातात धरून बसले.

दालन बंद ठेवलं. वर्कशॉपमधून गेलेली प्रत्येक वस्तू बाहेरून माणसं बोलावून उघडून बघितली. मुलीच्या घरी संचालक स्वतः गेले, दादाही गेला. तिथं काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मुलीचा हात नंतर बरा झाला, पण ती पुन्हा कधी आली नाही.

बोक्याला बोलवायला ती पुन्हा त्याच्या दाराशी गेली. "मला माफ करा," म्हणाली.

"इथं नको," तो म्हणाला. "इथं बघायला कोण आहे? पिशवी जिथं उलटी केली तिथं म्हणा."

तिने तसंच केलं. प्रवेशदाराशी, सगळी माणसं कामावर यायच्या वेळी. एकही शब्द गिळला नाही. बोक्याने मान हलवली आणि तो आत गेला. तिकीट खिडकीकडे मात्र त्याने बघितलं नाही, पुढेही कधी बघितलं नाही. वहिनी रोज त्याला 'या' म्हणायची, तो रोज न ऐकल्यासारखा पुढे जायचा.

वर्कशॉप आता बोक्याकडे आलं. दादा घरी बसला, वहिनी म्हणाली होती तसाच. संचालकांनी निरोप पाठवला की दृष्टी कशी जाते यावर एक दालन करू, तुम्ही सांगा, आम्ही बनवतो. त्याने उलट निरोप धाडला, "मला बघायला तिकीट लावू नका." बहीण घरी आली की तो आतल्या खोलीत जायचा. ती वहिनीशी इकडचं तिकडचं बोलून परत यायची. वहिनी चहा द्यायची, पण पूर्वीसारखी जवळ बसायची नाही.

मग एक दिवस तिच्यादेखतच घरातला फोन वाजला. आतून दादाचा आवाज आला. "कोण? हां. काय सापडत नाही? अरे, भिंतीवरच आहे तो पाना, खिडकीच्या बाजूला." थोड्या वेळाने पुन्हा फोन. "पॉलिश पेपर खालच्या खणात. नाही, त्या नाही, त्याच्या शेजारच्या." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. बोका सारखा काही ना काही विचारायचा. ते कुठे ठेवलंय, हे कशाने कापायचं, तो डबा कुणी हलवला. दादा वैतागायला लागला. "इतके दिवस झाले, या माणसाला साधा पाना सापडत नाही! वर्कशॉप चालवतोय की लपाछपी खेळतोय?" आणि एका सकाळी बहीण आली तेव्हा चपला घालून तिला म्हणाला, "चल, मला सोड तिथं. सगळं उलटंपालटं करून ठेवलं असेल त्याने."

तिने त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं. वळणावर त्याने तिच्या खांद्याला धरलं.

वर्कशॉपमध्ये सगळं जागच्या जागी होतं. पाने खिडकीच्या बाजूला, पॉलिश पेपर खालच्या खणात. दादाने एकेका गोष्टीवरून हात फिरवला. मग बोक्याकडे तोंड वळवलं. "सापडत नव्हतं म्हणतोस ना?"

"नव्हतं सापडत," बोका म्हणाला. चेहऱ्यावर रेषाही हलली नाही.

दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग स्टूल ओढून बसला. "कप्पीचा क्लॅम्प आण. कसा लावलास ते दाखव."

बोक्याने क्लॅम्प आणून त्याच्या हातात दिला. दोघांची डोकी त्यावर वाकली आणि लगेच वादाला सुरुवात झाली. सुपरवायझरबाई दारात उभी राहून ऐकत होती. बोक्याला खरंच काही सापडत नव्हतं का, हे त्याला विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिने दार हळूच लोटून घेतलं आणि ती दालन उघडायला गेली.